तीन अँटिबॉडीज की एकच? इबोलाच्या औषधांकडून शिकण्यासारखं

१९९५ साली काँगोमधल्या (तेव्हाचं झाइर) किक्विट शहरात इबोलाची मोठी साथ आली. ३१५ जणांना लागण झाली आणि त्यातले दहापैकी आठ जण गेले. औषध नव्हतंच. साथीच्या शेवटी-शेवटी तिथल्या डॉक्टरांनी एक जुना मार्ग वापरला. आजारातून उठलेल्या लोकांचं रक्त त्यांनी ८ रुग्णांना दिलं आणि त्यातले ७ वाचले.

आकडा जबरदस्त वाटतो, पण संशोधनाच्या दृष्टीने तो कच्चा आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय रक्त मिळेपर्यंत जे तग धरून होते ते कदाचित तसेही वाचले असते. पुढे २०१५ मध्ये गिनीत बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा ८४ रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा मृत्यूदरात ठोस फरक दिसला नाही.

मग त्या रक्तात काही होतं की नव्हतं? होतं. त्याच किक्विट साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या पेशींमधून आज वापरात असलेलं इबोलाचं एक औषध निघालं. पण बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात हजारो प्रकारच्या अँटिबॉडीज असतात. काही कामाच्या, बऱ्याचशा बिनकामाच्या. त्यातल्या नेमक्या कोणत्या घ्यायच्या, आणि एक घ्यायची की दोन-तीन मिसळायच्या, हा आजचा विषय. प्राण्यांकडून माणसात येणाऱ्या विषाणूंवरच्या औषधांमध्ये हा प्रश्न सतत येतो. इबोलात त्याचं उत्तर माणसांवरच्या ट्रायलपर्यंत तपासलं गेलंय, म्हणून मुख्य उदाहरण तेच घेऊ.

आधी थोडी ओळख: अँटिबॉडी नेमकं काय करते?

अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड. आपल्या बी-पेशी ही इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची प्रथिनं बनवतात. वायची दोन टोकं विषाणूच्या एका ठराविक जागेला चिकटतात. त्या जागेला एपिटोप म्हणतात. वायचा खालचा दांडा इतर रोगप्रतिकारक पेशींना बोलावून घेतो. म्हणजे एका अँटिबॉडीची दोन कामं होऊ शकतात: विषाणूला पेशीत शिरू न देणं, आणि लागण झालेली पेशी दाखवून ती मारायला लावणं. ही दोन कामं वेगळी आहेत हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकाच बी-पेशीपासून बनवलेली, एकसारखी अँटिबॉडी म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. अशा दोन-तीन ठरवून एकत्र केल्या की त्याला कॉकटेल म्हणतात.

इबोलाच्या पृष्ठभागावर ग्लायकोप्रोटीन नावाचं एकच मुख्य प्रथिन असतं. त्याचा आकार साधारण पेल्यासारखा. वर साखरेच्या साखळ्यांचं टोपण असतं (ग्लायकन कॅप), खाली बुड. विषाणू पेशीत ओढला जातो तेव्हा तो एंडोसोम नावाच्या पिशवीत असतो. तिथे पेशीचीच एन्झाइम्स हे टोपण कापून टाकतात. मग आत लपलेली जागा उघडी पडते आणि ती एनपीसी१ या रिसेप्टरला चिकटते. हा इबोलाचा डाव आहे: महत्त्वाची जागा शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवायची.

आता विचार करा, एखादी अँटिबॉडी टोपणालाच चिकटली असेल तर? टोपण कापलं गेलं की तीही त्याच्याबरोबर जाते. ती विषाणूला चिकटते, पण एकटी त्याला नीट अडवू शकत नाही. ‘चिकटते’ आणि ‘अडवते’ यातला हा फरक पेपर वाचताना फार वेळा निसटतो.

एकटीवरचा विश्वास उडाला कसा?

किक्विटच्या बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पेशींमधून केझेड५२ नावाची अँटिबॉडी काढली गेली होती. ती प्रयोगशाळेत विषाणूला छान अडवायची. गिनीपिग तिने वाचवले. पण २००७ मध्ये ऱ्हिसस माकडांवर प्रयोग झाला तेव्हा ती आजार रोखू शकली नाही.

इबोलाच्या संशोधनात गिनीपिग आणि माकड यांत खूप अंतर आहे, आणि माणसाला जवळचं माकड. त्यामुळे या निकालानंतर ‘इबोलाला एक अँटिबॉडी पुरत नाही’ असा समज पक्का होत गेला आणि बऱ्याच गटांनी कॉकटेलची वाट धरली. त्यातूनच २०१४ मध्ये झेडमॅप आलं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या गटांच्या दोन जुन्या कॉकटेलमधून निवडलेल्या ३ अँटिबॉडीज त्यात होत्या. मूळ उंदराच्या, पण बराच भाग माणसाच्या अँटिबॉडीचा बसवलेला, आणि तंबाखूच्या जातीतल्या झाडांमध्ये वाढवलेल्या. लागण होऊन ५ दिवस झाल्यावर उपचार सुरू करूनही १८ पैकी १८ माकडं वाचली.

कॉकटेलमागचं गणित

कॉकटेलच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद गणिताचा आहे. तो एकदा हाताने करून बघा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

इबोला आरएनए विषाणू आहे. स्वतःची नक्कल करताना तो चुका करतो. समजा, दर १ लाख नव्या विषाणूंमध्ये एकात अशी चूक होते की एका ठराविक अँटिबॉडीला तो चकवू शकतो. रुग्णाच्या शरीरात १०० कोटी विषाणू आहेत असं धरू. म्हणजे औषध देण्याआधीच त्यात चकवणारे सुमारे १० हजार विषाणू तयार आहेत. एकच अँटिबॉडी दिली तर बाकीचे मरतील आणि हे १० हजार वाढत जातील.

आता दोन अँटिबॉडीज दिल्या. दोघींना एकाच वेळी चकवायला दोन वेगळ्या चुका एकाच विषाणूत व्हाव्या लागतील. शक्यता १ लाखात १ गुणिले १ लाखात १, म्हणजे १००० कोटींत १. शरीरात विषाणू १०० कोटीच. म्हणजे असा विषाणू दहा रुग्णांमागे एखाद्यातच आधीपासून असेल. तिसरी घातली तर शक्यता आणखी लाखपट कमी.

हाच विचार एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या औषधांत आहे. गणित बरोबर आहे. पण त्यात एक अट दडलेली आहे: शक्यतांचा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा त्या एकमेकींवर अवलंबून नसतात. दोन अँटिबॉडीज एकाच जागेला किंवा शेजारच्या जागेला चिकटत असतील, तर एकच चूक दोघींना चकवू शकते. मग बाटलीत दोन अँटिबॉडीज असतात, विषाणूच्या हिशेबात मात्र एकच.

दुसरी अट: मिश्रणातली प्रत्येक अँटिबॉडी एकटीनेही विषाणूवर खरा दाब टाकायला हवी. जी नुसती चिकटून बसते, तिला चकवायची विषाणूला गरजच पडत नाही.

अटी मोडल्या की काय होतं

झेडमॅपच्या आधी एमबी-००३ नावाचं कॉकटेल होतं. त्यातही तीन अँटिबॉडीज. एका प्रयोगात उपचार केलेल्या ६ माकडांपैकी २ मेली. त्यातल्या एकातला विषाणू वाचून पाहिला, तर अँटिबॉडीज जिथे चिकटतात नेमक्या तिथे बदल झालेले होते आणि त्या विषाणूला हे कॉकटेल अडवू शकत नव्हतं. म्हणजे तीन असूनही विषाणू निसटला.

झेडमॅपमध्येही अशीच गोम होती. त्यातल्या दोन अँटिबॉडीज ग्लायकोप्रोटीनच्या बुडाशी चिकटतात आणि त्यांच्या जागा एकमेकींवर येतात, म्हणजे एकाच खुर्चीसाठी दोघींची स्पर्धा. तिसरी चिकटते टोपणाला, जे पुढे कापलंच जाणार असतं. कागदावर तीन, पण स्वतंत्रपणे अडवणाऱ्या किती, ते तुम्हीच मोजा.

खरी परीक्षा: काँगो, २०१८-१९

पश्चिम आफ्रिकेच्या साथीत झेडमॅपची एक ट्रायल झाली होती. ७२ रुग्ण घेतले गेले. झेडमॅप मिळालेल्यांत २२ टक्के, न मिळालेल्यांत ३७ टक्के मृत्यू. आशादायक, पण आधी ठरवलेली सांख्यिकी मर्यादा गाठली नाही. साथ ओसरली आणि रुग्ण मिळेनासे झाले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात, चकमकी चालू असलेल्या प्रदेशात, पाम नावाची ट्रायल सुरू झाली. नाव स्वाहिलीतून घेतलेलं, अर्थ ‘मिळून जीव वाचवू या’. चार औषधं होती:

- झेडमॅप: ३ अँटिबॉडीज, तीन दिवसांच्या अंतराने तीन डोस
- रेमडेसिव्हिर: अँटिबॉडी नाही, साधं विषाणूरोधक औषध
- रेजेन-ईबी३: ३ अँटिबॉडीज, एकच डोस
- माब११४: १ अँटिबॉडी, एकच डोस

माब११४ म्हणजे सुरुवातीला सांगितलेली किक्विटच्या माणसाची अँटिबॉडी. आजार होऊन गेल्यावर ११ वर्षांनी त्याचं रक्त घेतलं होतं आणि तरीही त्याच्या बी-पेशींना इबोला आठवत होता. रेजेन-ईबी३ च्या तिन्ही अँटिबॉडीजही मानवी, पण वेगळ्या वाटेने मिळवलेल्या: ज्या उंदरांमध्ये माणसाची अँटिबॉडीची जनुकं बसवली आहेत, अशा उंदरांकडून.

ऑगस्ट २०१९ मध्ये मधल्या टप्प्यावरचे आकडे पाहून ही चौरंगी तुलना थांबवली गेली, कारण फरक स्पष्ट होता. २८ दिवसांतले मृत्यू असे:

- रेमडेसिव्हिर: ५३.१ टक्के
- झेडमॅप: ४९.७ टक्के
- माब११४: ३५.१ टक्के
- रेजेन-ईबी३: ३३.५ टक्के

तीनवाल्या झेडमॅपपेक्षा एकटी माब११४ खूप सरस ठरली, आणि तीनवाल्या रेजेन-ईबी३ च्या जवळपास बरोबरीची. २०२० मध्ये या दोघांना अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्हींची शिफारस केली.

माब११४ एकटी कशी पुरली? ती बसते टोपणाखालच्या त्या लपलेल्या जागेवर, जिथे एनपीसी१ चिकटणार असतो. टोपण कापलं गेलं तरी ती सुटत नाही. विषाणूचा डाव जिथे संपतो तिथेच ती उभी असते. शिवाय ती जागा विषाणूला आत शिरायला स्वतःलाच लागते, त्यामुळे तिथे फार बदल करणं त्याला महागात पडतं. केझेड५२ आणि माब११४ दोन्ही किक्विटच्याच, दोन्ही मानवी, दोन्ही एकट्या. फरक आहे तो त्या कुठे बसतात याचा. २००७ च्या निकालातून ‘एक पुरत नाही’ असं वाटलं होतं. खरं तर ‘ही एक पुरत नाही’ एवढंच सिद्ध झालं होतं.

निकाल वाचताना घाई नको

‘मग कॉकटेल म्हणजे फुकटचा खर्च’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. थांबा.

पहिली गोष्ट, पाम ट्रायल एक विरुद्ध तीन हे तपासायला आखलेली नव्हती. नवी औषधं झेडमॅपशी ताडून बघायची होती. माब११४ आणि रेजेन-ईबी३ यांत सरस कोण, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

दुसरी, झेडमॅप मागे पडण्यात डोसच्या वेळापत्रकाचाही वाटा असू शकतो. इबोलाचे गंभीर रुग्ण पहिल्या काही दिवसांतच दगावतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसपर्यंत रुग्ण जगायला हवा.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: सरासरी आकड्याच्या आत बघा. ज्यांच्या रक्तात विषाणू कमी होते त्यांच्यात या दोन औषधांवर साधारण १० ते ११ टक्के मृत्यू झाले. ज्यांच्यात विषाणू भरमसाठ होते त्यांच्यात ६४ ते ७० टक्के. लक्षणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात यायला झालेला प्रत्येक दिवसाचा उशीर मृत्यूचा धोका वाढवत होता. म्हणजे एक की तीन या वादापेक्षा रुग्ण किती लवकर पोचला याने जास्त फरक पडला. औषध शोधणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

मग मिसळायचं कशासाठी?

मिसळायला चांगली कारणं आहेत. फक्त प्रत्येक वेळी कारण कोणतं ते सांगता यायला हवं.

*१. कामं वाटून घेण्यासाठी.* रेजेन-ईबी३ च्या तिन्ही अँटिबॉडीज ग्लायकोप्रोटीनवर एकाच वेळी, एकमेकींना न ढकलता बसतात. एक विषाणूला अडवते. दुसरी अडवतेही आणि लागण झालेल्या पेशी मारायला इतर पेशींना बोलावतेही. तिसरी अडवत नाही, पण बोलावण्याचं काम करते. इथे ‘न अडवणारी’ अँटिबॉडी चुकून आलेली नाही, ठरवून घेतलेली आहे.

*२. एकमेकींना मदत व्हावी म्हणून.* अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेम्स क्रो यांच्या गटाने वाचलेल्या माणसांकडून मिळवलेल्या दोन अँटिबॉडीजची जोडी तपासली. एक टोपणाला चिकटते, दुसरी बुडाकडे. पहिली बसली की दुसरीला आपली जागा सोपी होते. म्हणजे एक आणि एक दोनपेक्षा जास्त.

*३. व्याप्ती वाढवण्यासाठी.* माब११४ आणि रेजेन-ईबी३ ला मंजुरी आहे ती इबोलाच्या झाइर जातीसाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये युगांडात साथ जाहीर झाली ती सुदान जातीची. कपाटात दोन मंजूर औषधं होती आणि समोरच्या रुग्णासाठी एकही नव्हतं. तेव्हा एमबीपी१३४ नावाचं, मंजुरी नसलेलं कॉकटेल अनुकंपा तत्त्वावर काही रुग्णांना दिलं गेलं. त्यातल्या दोन्ही अँटिबॉडीजचं मूळ २०१४ च्या साथीतून वाचलेल्या एकाच माणसात. त्याच्याकडून तब्बल ३४९ अँटिबॉडीज वेगळ्या केल्या होत्या. निवडलेल्यांपैकी एक सगळ्या जातींत सारख्या असलेल्या जागेला चिकटते. दुसरी सुदान जातीला नीट चिकटत नव्हती, म्हणून तिला प्रयोगशाळेत सुधारून घेतलं. या जोडीने माकडांना झाइर, सुदान आणि बुंदिबुग्यो, तिन्ही जातींपासून वाचवलं होतं.

वटवाघळांसारख्या प्राण्यांत विषाणूंचे अनेक भाऊबंद एकत्र नांदत असतात. पुढची उडी कोण मारेल हे आपल्या हातात नाही. त्यामुळे प्राणिजन्य विषाणूंसाठी मला हे तिसरं कारण सगळ्यात वजनदार वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण: रेबीज

हाच प्रश्न आपल्या दारात रेबीजच्या रूपाने उभा आहे. कुत्रा चावल्यावर खोल जखमेत लसीबरोबर तयार अँटिबॉडीजही टोचाव्या लागतात. पूर्वी त्या घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून घेत, आजही घेतात. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्सबरोबर विकसित केलेली रॅबिशील्ड बाजारात आणली: एकच मानवी मोनोक्लोनल अँटिबॉडी. २०१९ मध्ये झायडसच्या ट्विनरॅबला मंजुरी मिळाली: उंदराच्या दोन अँटिबॉडीजचं कॉकटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा कल आधीपासून किमान दोन वेगळ्या एपिटोपवरच्या अँटिबॉडीज असाव्यात असाच होता.

आता वरचं गणित इथे लावा. रेबीजमध्ये अँटिबॉडी जखमेतच टोचतात, विषाणू नसेपर्यंत पोचून फोफावण्याआधी. १०० कोटी विषाणूंचा प्रश्नच नाही. त्यामुळे उपचार चालू असताना विषाणू निसटेल ही भीती इबोलापेक्षा कमी. खरी भीती वेगळी आहे: चावणाऱ्या प्राण्यातला विषाणू मुळातच वेगळ्या प्रकारचा असला तर? म्हणजे रेबीजमध्ये दुसरी अँटिबॉडी घालण्याचं मुख्य कारण व्याप्ती हे आहे. मग प्रश्न असा होतो: आपल्या भागातल्या कुत्र्यांमध्ये फिरणारे विषाणू त्या एका अँटिबॉडीच्या टप्प्यात येतात का? हे प्रयोगशाळेत नमुने घेऊन तपासता येतं आणि सतत तपासत राहावं लागतं. ‘कॉकटेल चांगलं की एकटी?’ हा गोल प्रश्न इथे मोजता येईल असा प्रश्न झाला, आणि संशोधनाचा विषय असाच तयार होतो.

पेपर हातात घेतल्यावर

अँटिबॉडी कॉकटेलचा कोणताही पेपर वाचताना वहीत हे पाच प्रश्न लिहा:

१. प्रत्येक अँटिबॉडी कुठे चिकटते? जागा एकमेकींवर येतात का? स्पर्धेचा प्रयोग केलाय का?
२. प्रत्येकीचं काम काय: अडवणं, बोलावणं, की नुसतं चिकटणं?
३. प्रत्येक एकटी देऊन पाहिली आहे का? एकट्यांचे गट नसतील तर मिश्रणाचं श्रेय कोणाला द्यायचं?
४. एकूण डोस सारखा ठेवला होता का? ६० किलोच्या माणसाला माब११४ ३ ग्रॅम लागते, रेजेन-ईबी३ ९ ग्रॅम. तुलना अँटिबॉडीजच्या संख्येची आहे की ग्रॅमची?
५. निसटलेला विषाणू शोधला का? उपचार फसलेल्या प्राण्यातला विषाणू कोणी वाचून पाहिला का?

तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाची उत्तरं पेपरमध्ये बऱ्याचदा सापडणार नाहीत. एकट्या अँटिबॉडीचे गट ठेवायचे तर माकडं वाढतात, खर्च वाढतो, आणि प्राण्यांचा वापर कमी ठेवण्याची जबाबदारीही असते. म्हणून लोक ते टाळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण टाळलं की काय कळलं नाही, तेही स्पष्ट लिहायला हवं. तुमच्या पीएचडीच्या प्रस्तावात ‘आम्ही तीन अँटिबॉडीज मिसळू’ असं वाक्य आलं, तर त्याच्या पुढच्याच ओळीत ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे.